गंज जावा, खुणा राहाव्यात

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज लिलावातून मिळवली. वाहतूक आणि विमा धरून तिच्यासाठी ४७.१५ लाख रुपये मोजले गेले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पाते युरोपात घडलेले, मूठ सोन्याच्या नक्षीची. अशा फिरंगी तलवारी मराठा सरदारांकडे पुष्कळ होत्या. मग ही रघुजींचीच हे कशावरून ठरले? पात्याच्या पाठीवर सोन्यात बसवलेल्या देवनागरी लेखावरून. अडीचशेहून अधिक वर्षांत एखाद्या उत्साही मालकाने पाते लख्ख करण्याच्या नादात ती पाठ घासून काढली असती, तर तलवार तेवढीच लांब, तेवढीच धारदार राहिली असती. फक्त ती कुणाची हे सांगणारे काही उरले नसते. जुन्या शस्त्राची निम्मी किंमत त्याच्या पृष्ठभागावर असते, हे तलवारीच्या बाबतीत आपल्याला चटकन पटते. बंदूक म्हटली की मात्र आपण ते विसरतो. घरातली जुनी रायफल किंवा दुनळी दुरुस्त करायची म्हणजे ती घासून, खड्डे बुजवून, नवा काळा रंग चढवून नव्यासारखी करायची, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत जुन्या शस्त्रांना गंजापेक्षा जास्त मारक ठरते. गंज थांबवणे हे कर्तव्य आहे. पण झिलईच्या आधी पृष्ठभागाची जी दुरुस्ती करायची, ती धातूची कमीत कमी हानी करणारी असावी आणि जिथे ते शक्य नसेल तिथे झिलईच सोडून द्यावी.

हा प्रश्न अक्कलकोट तालुक्यात परका नाही. अक्कलकोटच्या भोसले संस्थानचे शस्त्रागार सोलापूर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पण शस्त्रे राहिली. राजवाड्याबाहेरही जुन्या पाटील-देशमुखांच्या, इनामदारांच्या घरांत ठासणीची बंदूक, इंग्लिश बनावटीची बारा बोअरची दुनळी, क्वचित .३१५ बोअरची रायफल परवान्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. दुधनीसारख्या गावात तर दुरुस्तीची सोय हाताशी असते. सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे हे सीमेवरचे गाव बाजार समितीमुळे मोठी बाजारपेठ झाले आहे, आणि जिथे ट्रॅक्टर, मळणीयंत्रे आणि मालाच्या गाड्या येतात तिथे वेल्डिंग, लेथ आणि ग्राइंडरची दुकाने असतातच. नांगराच्या फाळाला टाका मारणारा कसबी कारागीर बंदुकीच्या लोखंडाला हात का घालू शकणार नाही, असा साधा हिशेब केला जातो. त्यात खंडेनवमी जवळ आली की घाई असते. वर्षभर ट्रंकेत पडलेले शस्त्र बाहेर निघते, विटेच्या भुकटीने किंवा पॉलिश पेपरने घासले जाते, त्यावर ओले गंध, झेंडूची माळ, नारळाचे पाणी पडते आणि पूजा आटोपल्यावर ते तसेच कापडात गुंडाळून परत ट्रंकेत जाते. श्रद्धा खरी असते, हेतू चांगला असतो. पण एकाच दिवसात घासल्याची झीज आणि नव्या गंजाचे बीज अशी दोन्ही नुकसाने होतात.

नुकसान नेमके कुठे आणि कसे होते, हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीबद्दल बोलता येत नाही. रायफलीची अॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा तो लोखंडी भाग, ज्यात बोल्ट सरकतो, काडतूस बसते आणि स्फोटाचा दाब पेलला जातो. वरून ती काळीभोर, ठीकठाक दिसते. लाकडी दस्त्यातून ती सोडवली की लाकूड आणि लोखंड जिथे टेकतात त्या रेषेखाली तांबूस-तपकिरी पट्टा दिसतो. लाकूड ओल धरून ठेवते, तेल तिथे पोचत नाही आणि वर्षानुवर्षे गंज आत खणत राहतो. बोल्टच्या तोंडाशी आणि काडतुसाच्या घरात वेगळे खड्डे असतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे गोळी सुटल्यावर मिठासारखा क्षार मागे राहत असे. तो हवेतली ओल ओढतो आणि नुसत्या तेलाने निघत नाही, त्याला पाणीच लागते. तिसरी जागा हाताळण्याची. तिथे घामेजल्या बोटांचे ठसे लोखंडात कोरल्यासारखे उमटलेले असतात. हे तीन गंज तीन कारणांचे, म्हणून त्यांचे उपाय वेगळे. सोलापूरची हवा बहुतेक वर्ष कोरडी असते, यावर भिस्त ठेवून चालत नाही; पावसाळ्याचे चार महिने बंद ट्रंक, कापड आणि चामड्याची म्यान ओल कोंडून ठेवायला पुरेशी असतात. घरातले करडईचे तेल चोळणे हाही उपाय म्हणून चालत नाही, कारण ते हवेत सुकत जाऊन चिकट पापुद्रा धरते आणि त्याखाली धूळ अडकते.

आता झिलईचा विचार करू. बंदुकीवरचा निळसर काळा रंग हा रंग नसतोच, तोही लोखंडाचा एक प्रकारचा गंजच असतो; फरक इतकाच की लाल गंज भुसभुशीत असतो आणि हा काळा ऑक्साइड घट्ट बसतो. जुन्या पद्धतीत लोखंडावर मुद्दाम बारीक गंज आणतात, उकळत्या पाण्यात त्याला काळा करतात, मऊ तारेने सैल थर झाडतात आणि हे पुन्हा पुन्हा करतात. नव्या पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सियसच्या द्रावणात लोखंडी भाग बुडवून काढतात. दोन्हींत तयार होणारा थर इतका पातळ असतो की तो काहीच झाकू शकत नाही. उलट चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर तर खड्डे अधिकच ठसठशीत दिसतात. म्हणूनच कारागीर आधी खड्ड्यांच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणतो. अर्धा मिलिमीटर खोल खड्ड्यासाठी आजूबाजूचे सगळे लोखंड अर्धा मिलिमीटर काढावे लागते, आणि खरी गोम इथेच आहे. कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या काठांना उतार येतो, कोरलेली अक्षरे अर्धवट पुसतात, सपाट बाजू लाटेसारखी होते. दुनळीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो: दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डागाने जोडलेली असते आणि गरम कॉस्टिक द्रावण तो डाग खाऊन आत शिरते. बंदूक बाहेरून नवी दिसते, आतून सडू लागते.

घासण्याऐवजी वेल्डिंगने खड्डे भरणे हा पर्याय त्याहून वाईट. अनेक जुन्या माउझर पद्धतीच्या रायफली आणि इंग्लिश दुनळी यांची अॅक्शन मऊ पोलादाची बनवून तिच्यावर फक्त वरची कातडी कठीण केलेली असते. ही कातडी मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच जाड असते. आत मऊ पोलाद धक्का सोसते, वरची कातडी झीज सोसते. ग्राइंडरने ती कातडी गेली की बोल्ट मऊ लोखंडावर सरकू लागतो. वेल्डिंगची उष्णता बसली की घडणीच्या वेळचा पोलादाचा ताव बिघडतो आणि तो बिघाड डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या या धोक्याचा मोठा धडा अमेरिकेच्या स्प्रिंगफिल्ड १९०३ रायफलीने दिला. कारखान्यात घडण करताना पोलाद किती तापले हे कारागीर त्याच्या रंगावरून ओळखत. उन्हाच्या दिवशी तोच लाल रंग फिका दिसे आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवले जाई. अशा काही रायफलींची अॅक्शन गोळीबारात फुटली. तपास झाल्यावर १९१८ मध्ये ताव देण्याची पद्धत बदलली, आणि स्प्रिंगफिल्ड कारखान्यातल्या ८ लाखांच्या खालच्या अनुक्रमांकाच्या रायफलींकडे आजही जाणकार संशयाने पाहतात. त्या फुटलेल्या रायफली बाहेरून निर्दोष होत्या. तापमानाच्या एका चुकीने सरकारी कारखान्यात एवढे घडले; मग ज्या कारागिराला पोलादाची जात माहीत नाही, ताव माहीत नाही, त्याने टाका मारलेल्या अॅक्शनवर कुणी आणि कशाच्या बळावर विश्वास ठेवावा?

मग झिलईआधीची शहाणी दुरुस्ती कशी असते? पहिले काम निदान. बंदूक रिकामी आहे याची खात्री, दस्त्यातून सोडवणे, जुने तेल आणि मळ काढणे, प्रत्येक बाजूचा उजेडात फोटो आणि अनुक्रमांकाची नोंद. दुसरे काम जिवंत गंज आणि मेलेला गंज वेगळे ओळखणे. पुसल्यावर बोटाला लाल भुकटी लागते तो जिवंत. घट्ट बसलेला तपकिरी-काळा थर मेलेला, तो लोखंडाचे रक्षणच करतो. जिवंत गंजावर पातळ तेल मुरू द्यावे आणि सर्वांत बारीक स्टील वूलने, जोर न लावता, तो उचलावा. जिथे लोखंड चमकू लागेल तिथे थांबावे. तिसरे काम ओरखडे आणि ठोके यांचे. ठोका बसलेल्या जागी धातू नाहीसा झालेला नसतो, तो कडेला वर सरकलेला असतो. कानसीने ती वर आलेली कड काढली की धातू कायमचा गेला आणि खळगा राहिला. गुळगुळीत पोलादी ठशाने, हलक्या हाताने तीच कड मागे दाबली की धातू बराचसा जागेवर येतो. अनुभवी बंदूक कारागीर आधी दाबतो आणि अगदी शेवटी, गरज उरली तरच घासतो. एवढे झाल्यावर बहुतेक जुन्या अॅक्शन काळ्या-तपकिरी, थोड्या ठिपकेदार पण निरोगी दिसतात. संग्रहालयांत त्यावर मेणाचा पातळ थर देतात आणि थांबतात. यापुढे झिलई करायचीच तर ती पुढचा, ऐच्छिक टप्पा आहे. आणि तो शस्त्राचा उपयोग, वय आणि त्यावरच्या खुणा पाहून ठरवायचा.

या खुणा म्हणजे केवळ शोभा नसते. जुन्या रायफलीवर बनवणाऱ्या कारखान्याची मोहर, परीक्षणाच्या मुद्रा, अनुक्रमांक आणि कधी संस्थानी किंवा पलटणीचे क्रमांक असतात. ब्रिटिश काळातल्या शस्त्रावर मुकुट आणि राजा-राणीच्या नावाची आद्याक्षरे सापडतात; १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याच्या रायफलींवर कारखान्याचे नाव आणि साल असते. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या शस्त्रांवर ठोकून उमटवलेले ठिपक्यांचे देवनागरी लेख तर जगभरच्या जाणकारांना परिचित आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमधल्या अदोनीहून लुटून नेलेली काही शस्त्रे आज परदेशी संग्रहालयांत ओळखता येतात ती याच ठिपक्यांमुळे. हे ठिपके फार उथळ असतात. बफिंगच्या चाकाखाली पाच मिनिटांत पुसले जातील. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये प्रदर्शनासाठी आणलेल्या वाघनखांभोवती झालेला वाद आठवावा. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय ती शिवछत्रपतींचीच असल्याची खात्री देता येत नाही असे सांगते, आणि त्यांचा जो काही संबंध जोडला जातो त्याचा मुख्य आधार त्यांच्या पेटीवरचा लेख आहे. आधार कमी असतो तेव्हा इतिहासावर किती वाद होतात हे आपण पाहिले. मग असलेला आधार आपल्याच हातांनी का पुसावा?

या भूमिकेवर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल. बंदूक काही फक्त शोभेसाठी नसते. शेतात रानडुकरे येतात, परवाना संरक्षणासाठी असतो, गंजकी अॅक्शन फुटली तर जीव जाईल. आक्षेप रास्त आहे, आणि तो मी मांडतोय त्या मुद्द्याच्या बाजूचाच आहे. गोळी झाडायची असेल तर खड्डा कुठे आहे हा पहिला प्रश्न असतो, तो कसा दिसतो हा नाही. दस्त्याखालच्या बाजूला उथळ खड्डे असले तर ताकदीला सहसा धक्का लागत नाही. बोल्टच्या कुलुपाच्या दातांशी, काडतुसाच्या घराशी किंवा नळीच्या मुळाशी खोल खड्डा, तडा किंवा आधीचे वेल्डिंग दिसले तर ती बंदूक झाडण्यातून निवृत्त करणे हाच उपाय. ते भरून चकचकीत करणे म्हणजे धोका झाकणे. आणि हे ठरवण्याचा अधिकार गावच्या वेल्डरला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांची दुरुस्ती आणि परीक्षण यांना स्वतंत्र परवाना लागतो. परवाना नसलेल्या दुकानात अॅक्शन नेणे मालक आणि कारागीर दोघांनाही अडचणीत आणते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, तेव्हा अनेक घरांना आपल्या जुन्या बंदुकीचे काय करायचे हा निर्णय घ्यावा लागला. वापरातली आणि वारशातली बंदूक यांच्यातला फरक त्या वेळी कळला असेल तर तो आता दुरुस्तीतही पाळावा.

दुसरा आक्षेप भावनेचा. पूर्वजांचे शस्त्र गंजके, ठिपकेदार ठेवणे म्हणजे त्यांचा अपमान, असे मानणारे बरेच आहेत. पण स्वच्छ आणि चकचकीत यांत फरक आहे. गंज थांबलेले, मेण दिलेले, कोरड्या जागी ठेवलेले शस्त्र निगा राखलेले असते. त्यावरचे ठिपके ते किती वर्षे कामात होते याची साक्ष देतात. पूजा करायची तर ती खुशाल करावी. गंध सुक्या अक्षतांसह शेजारच्या ताम्हनात वाहावे, नारळ शस्त्रापासून लांब फोडावा आणि त्याच संध्याकाळी शस्त्र कोरड्या कापडाने पुसून मेणाचा हात द्यावा. यात धर्माला बाध येणारे काही नाही. तिसरा आक्षेप थोडा अधिक तर्कशुद्ध आहे: सैन्याचे कारखाने स्वतः जुन्या रायफली घासून, नवे भाग घालून, पुन्हा रंगवून वापरात आणत, मग खाजगी मालकाने तेच का करू नये? उत्तर त्याच रायफलींवर लिहिलेले आहे. ब्रिटिश आणि भारतीय कारखाने पूर्ण दुरुस्ती केलेल्या ली-एनफिल्ड रायफलींवर ‘एफटीआर’ आणि साल ठोकत. म्हणजे दुरुस्तीची नोंदही शस्त्रावरच राहत असे आणि नंतरच्या माणसाला कळे की हा पृष्ठभाग मूळचा नाही. शिवाय त्या कारखान्यांकडे पोलादाची जात, ताव आणि तपासणीची साधने होती. खाजगी मालकाने नोंद ठेवली, मूळ खुणांना हात लावला नाही आणि काम परवानाधारक जाणकाराकडून करून घेतले, तर त्याच्यावर आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा आणि तज्ज्ञांच्या टंचाईचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची जतन प्रयोगशाळा आहे. पण दुधनी किंवा अक्कलकोटच्या घराने तिथपर्यंत कसे जावे? खरी गोष्ट अशी की चांगल्या जतनातला सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत स्वस्त असतो. सुती हातमोजे, फोटो, नोंदवही, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, चामड्याच्या म्यानेऐवजी उघडे लाकडी शेल्फ आणि वर्षातून दोनदा तपासणी यांना फार खर्च येत नाही. खर्च येतो तो घासण्याला, भरण्याला आणि झिलईला, म्हणजे जे बहुतेक वेळा करायलाच नको त्याला. तज्ज्ञ कमी आहेत हे खरे. पण तज्ज्ञ येईपर्यंत काही न करता शस्त्र सुरक्षित ठेवणे हे प्रत्येकाला जमते, आणि त्यात नुकसान कधीच होत नाही.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने परदेशातल्या एका तलवारीसाठी जी तत्परता दाखवली, तिचा थोडा भाग जिल्ह्यातल्या शस्त्रांसाठीही खर्च करावा. सोलापूर जिल्ह्यात पोलीस आणि महसूल यंत्रणेच्या सहकार्याने परवानाधारक वारसा शस्त्रांची खुणांसह छायाचित्र-नोंद करावी आणि दर वर्षी खंडेनवमीआधी एक दिवसाचे जतन शिबिर घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या शस्त्राला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेषाचा दर्जा मिळू शकतो. त्याची जाणीव मालकांना करून देणे हे सरकारचे काम आहे. मालकांनी स्वतःच्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात: आधी फोटो काढावा, गंज थांबवावा, आणि ग्राइंडर, वेल्डिंग किंवा नव्या झिलईचा निर्णय परवानाधारक बंदूक कारागीर आणि संग्रहालयातला जाणकार या दोघांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गेलेली झिलई पुन्हा चढवता येते. घासून गेलेले लोखंड आणि त्यावरची अक्षरे परत आणता येत नाहीत.